तुम्ही विचारलंत म्हणून: घराखाली ही पोकळी कशाला?

नॉर्थ कॅरोलायनात घर शोधणारे मराठी लोक हमखास विचारतात: आपल्याकडे जोतं मुरमानं भरून ठोकून घट्ट करतात, मग इथं घराखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी का?

पहिलं कारण उतार. प्लॉटचं एक टोक तीन-चार फूट खाली असेल तर जमिनीवर ओतायच्या काँक्रीटच्या स्लॅबसाठी तेवढी भरणी लागते, आणि ती नीट दबली नाही की स्लॅब खचतो. त्यापेक्षा पायाच्या भिंती उताराप्रमाणे कमीजास्त उंचीच्या बांधून वर लाकडी तुळया टाकणं सोपं. दुसरं कारण थंडी. माती गोठून फुगते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात हा थर साडेतीन ते पाच फूट; एवढं खणल्यावर लोक तळघरच करून घेतात. इथं साधारण फूटभर पुरतं, म्हणून तळघराऐवजी नुसती पोकळी राहते. शिवाय नळ आणि एसीचे डक्ट (हवा नेणाऱ्या नळ्या) पोकळीतूनच जातात, गळतीला फरशी फोडावी लागत नाही.

खरी अडचण दमटपणाची. भिंतीत झरोके ठेवायचा जुना नियम आहे: पोकळीच्या दर १५० चौरस फूट जमिनीला १ चौरस फूट झरोका. कोरड्या मुलखात ठीक, पण इथल्या उन्हाळ्यात तेच झरोके दमट हवा गार पोकळीत ओढून आणतात. थंड डक्टवर पाणी सुटतं, जसं बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या तांब्यावर. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर राहिला की बुरशी धरते, आणखी वाढला की तुळई कुजते. वर बैठकीत येणारा कोंदट वास तिथलाच.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी बाहेरचं पाणी: भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंच उतार द्या, पन्हाळीचं पाणी लांब सोडा. मग मातीवर किमान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक, सांधे ६ इंच एकमेकांवर घेऊन टेप लावलेले. शेवटी झरोके बंद करून आत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र. पोकळीतला गॅसचा हीटर तिथलीच हवा घेत असेल, तर त्याला बाहेरची हवा मिळायची सोय केल्याशिवाय झरोके बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतेल. भिंतीवर प्लास्टिक चढवताना माथ्याशी ३ इंच पट्टा उघडा ठेवा, नाहीतर वाळवीची मातीची नळी दिसणारच नाही.

घर घेण्याआधी तपासनिसाला आत पाठवा, आणि तुळयांच्या ओलाव्याचे आकडे अहवालात लिहून मागा.