पिटस्टोनची पवनचक्की: पात्यांपेक्षा खालचा सांगाडा बघा

लंडनचं नेहमीचं सगळं झालं, ब्रिज, म्युझियम, पाऊस, ते सोडून देते. लिहायचंय ते पिटस्टोनच्या पवनचक्कीबद्दल. बकिंगहॅमशायरमध्ये आहे, ट्रिंग स्टेशनला उतरून शेताशेतातून चालत जाता येतं. उन्हाळ्यातले मोजकेच दिवस आत सोडतात, त्यामुळे वेबसाइट बघूनच निघा.

बाहेर गर्दी होती पण सगळी पात्यांसमोर फोटो काढणारी, दोन मिनिटं पोज दिली की परत गाडीत, मला खरंच राग आला, कारण खरी करामत खाली आहे. तळाशी विटांची गोल खोली आहे, तिच्यात मधोमध ओकचा जाडजूड खांब उभा आणि खाली दोन तुळया एकमेकींवर आडव्या, फुलीसारख्या. बघणाऱ्याला वाटतं खांब त्या फुलीवर टेकलाय. तिथले स्वयंसेवक आजोबा म्हणाले वाका आणि नीट बघा, आणि बघते तर खांबाचा भार फुलीच्या मध्यावर नाहीच! चार तिरपे टेकू तो भार तुळयांच्या टोकांकडे नेतात, तिथून तो विटांच्या पायांवर उतरतो. खांबाच्या डोक्यावर एक दणकट आडवी तुळई, आणि तिच्यावर आख्खं लाकडी घर, दगड, चाकं, पाती, धान्याची पोती सगळ्यासकट. वारा बदलला की मागचा लांब दांडा ढकलायचा आणि ते घरच्या घर खांबाभोवती वळवून पात्यांचं तोंड वाऱ्याकडे करायचं. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते, मागची लोकं चुळबुळ करत होती तरी.

आतल्या लाकडावर १६२७ साल कोरलंय, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचं.

वर पात्यांच्या आसावर मोठ्ठं दात्यांचं चाक, त्याच्या कडेभोवती ब्रेकचा पट्टा. त्या चाकाने दगड फिरतात, खालची तळी जागेवर, वरची गरगर, अगदी आपल्या जात्यासारखं, आणि तळ्या गुळगुळीत झाल्या की इथेही टाकी लावावीच लागते, म्हणजे छिन्नीने परत खाचा पाडाव्या लागतात. चक्की चालू असताना वाऱ्याकडे लक्ष ठेवणं हे पीठ बघण्याइतकंच महत्त्वाचं, कारण वारा मागून आला तर ब्रेकलाही पाती आवरत नाहीत. १९०२ च्या वादळात हिची अशीच जबर मोडतोड झाली आणि दळण बंद पडलं. १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे तिथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आली तेव्हाही मोडकीच होती. मग १९६३ पासून स्वयंसेवकांनी फावल्या वेळात दुरुस्ती केली, आणि १९७० मध्ये, अडुसष्ट वर्षांनी, तिने परत धान्य दळलं! आत नेऊन दाखवतात ते आजही स्वयंसेवकच. माझे प्रश्न संपेचनात, तरी आजोबांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, उलट शेवटी स्वतःच टॉर्च आणून एकेक सांधा परत दाखवला.