आमची वाटचाल: दोन टेबलं आणि एक रजिस्टर

आमच्या रजिस्टरमध्ये माणसांना नावं नसतात. ‘बंडूचे आजोबा’, ‘सिंबाची आई’, ‘दोन पगवाल्या ताई’, अशाच नोंदी. फोनवर कुणी स्वतःचं नाव-आडनाव सांगितलं की मी विचारते, कुत्रा कोणता? मग ओळख पटते. कुत्र्यांच्या आंघोळी आणि केस कापायच्या या धंद्यातल्या सगळ्यांचंच असं होत असणार.

सुरुवात आम्ही दोघींनी केली. तिचं नाव लिहीत नाही. ती हे वाचणार आहे आणि तिला कळेलच. एक खोली, एक नळ, मागे चार कुत्रे ठेवण्यापुरती जागा. आंघोळी जमिनीवर घालायचो, उकिडवं बसून. तीन महिन्यांत दोघींच्या कमरा गेल्या. नव्याने दुकान काढणाऱ्यांनो, पाटी नंतर रंगवा, कमरेएवढ्या उंचीचा टब आधी घ्या.

टेबलंही दोन हवीत. एकावर ओला कुत्रा वाळतो, दुसऱ्यावर कोरड्याचं काम चालतं. एकाच टेबलावर सगळं करायला गेलं की कात्री ओल्या केसांवर चालते, आणि वाळल्यावर तेच केस वरखाली दिसतात. हे आम्ही एका पूडलवर शिकलो. त्याच्या बाईंनी काही म्हटलं नाही, फक्त परत आल्या नाहीत.

पहिला क्लिपर, म्हणजे केस कापायचं यंत्र, आला तेव्हा सोबत 10 नंबरचं एकच ब्लेड होतं, साधारण दीड मिलिमीटर केस ठेवणारं. एका कॉकर स्पॅनियलचे केस जरा लांब ठेवायचे म्हणून आम्ही उत्साहाने 40 नंबरचं मागवलं. नंबर वाढला की केस कमी राहतात हे सांगायला कुणी नव्हतं. 40 नंबर म्हणजे ऑपरेशनआधी डॉक्टर वापरतात ते, पाव मिलिमीटरचं! बिचाऱ्या कॉकरची एक बाजू गुलाबी निघाली. ते ब्लेड मी जपून ठेवलंय. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी ते हातात देते.

ब्लेड तापतं. दर थोड्या वेळाने मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याच्या पोटाला बसलेलाच असतो. तो तुम्हाला सांगत नाही, पुढच्या वेळी दारातच बसकण मारतो. तेलाचे दोन थेंब, ब्रशने केस झाडणं, आणि हाताशी दुसरं गार ब्लेड. कात्र्यांबद्दल तर मी बोलायला लागले की घरचे उठून जातात. कुत्र्याच्या कात्रीने कागद कापायचा नाही, पिशवी फोडायची नाही, आणि ती खाली पडू द्यायची नाही. पडलेली कात्री दिसायला तशीच असते, पण केस चावायला लागते.

कात्रीत ती माझ्यापेक्षा सरस होती. हे मी आजही म्हणते. डावखुरी असल्यामुळे तिच्या कात्र्या वेगळ्या, उलट्या पात्यांच्या. उजव्या हाताने चालवल्या तर केस कापले न जाता पात्यांमध्ये दुमडतात. पूडलच्या डोक्यावरचा गोल ती असा काढायची की चारही बाजूंनी पाहावं, कुठे कोपरा नाही. माझं काम जटांचं. कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, जिथे मालकाचा हात जात नाही तिथे जटा. आंघोळ घालून जटा सुटतात असं समजणारे लोक अजून आहेत. पाणी लागलं की जट आवळते, नमद्यासारखी घट्ट होते. आधी बारीक तारांचा स्लिकर ब्रश, मग स्टीलचा कंगवा थेट कातडीपर्यंत, आणि कंगवा अडखळला नाही तरच नळ सोडायचा. वरवर ब्रश फिरवून ‘आम्ही रोज विंचरतो’ म्हणणाऱ्यांनी एकदा कंगवा घालून पाहावा.

तर, ते वर्ष.

आमचा नियम होता की लशी पूर्ण नसलेलं पिल्लू आत घ्यायचं नाही. पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते आणि ती असेपर्यंत लशीला नीट काम करू देत नाही; ती नेमकी कधी संपेल हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, 16 आठवडे होईपर्यंत. मधल्या काळात एक फट राहते. पार्व्हो, पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणारा विषाणू, त्या फटीतून शिरतो. आम्हाला हे ठाऊक होतं. पण नियम तोंडी होता, भिंतीवर नव्हता.

एका जुन्या गिऱ्हाइकाने नवीन पिल्लू आणलं. अकरा आठवड्यांचं, दोन डोस झालेले. घरी कार्यक्रम आहे, फक्त आंघोळ घाला, अर्ध्या तासात नेतो. तिने घेतलं. रजिस्टरमध्ये नोंद तिच्या अक्षरात आहे. ते रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.

पिल्लू त्या दिवशी चांगलं खेळत होतं. या रोगाचा वाईटपणा तिथेच आहे. उलट्या सुरू व्हायच्या आधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. चौथ्या दिवशी फोन आला की ते सलाइनवर आहे. त्याला आंघोळ घातली त्या दिवशी मागच्या खोलीत मुक्कामाला आणखी दोन पिल्लं होती. दोघांच्या लशी कार्डावर पूर्ण दिसत होत्या, त्यातल्या एकाचा शेवटचा डोस जेमतेम तीन दिवसांपूर्वीचा. दोघं आजारी पडली. एक वाचलं. ज्याचा डोस ताजा होता ते गेलं.

ज्या ताईंचं पिल्लू गेलं त्यांना मी स्वतः भेटायला गेले. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाल्या, “तुम्ही यायला नको होतं.” मी पाणी पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी शटर ओढलं. ती म्हणाली, दोन दिवस फिनेल मारू आणि उघडू, कुणाला सांगायची गरज नाही. आमचं पहिलं खरं भांडण ते. पार्व्हो 1978 मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोहोचला, तो काही उगाच नाही. फरशी पुसायच्या बहुतेक सुगंधी द्रवांनी त्याला काही होत नाही. हाताला चोळायच्या अल्कोहोलनेही नाही. सावलीतल्या मातीत तो महिनोन् महिने टिकतो. चालतं ते ब्लीच. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, रोजच्या रोज ताजं कालवलेलं. तेही आधी साबणाने घाण खरवडून काढल्यावरच, आणि दहा मिनिटं जागा ओली ठेवून. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच मरतं. आणि मुतावर थेट ओतू नका, वाफारा छातीत जातो. हे मला डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, तरी मी एकदा खोकत बाहेर पळाले.

लाकडी बाकडी टाकली. चटया, गाद्या, कापडी पट्टे, मऊ खेळणी, सगळं टाकलं. लाकूड आणि कापड धुऊन खात्री देता येत नाही. मग रजिस्टर घेऊन बसले. मागच्या दोन आठवड्यांतले 47 कुत्रे. सगळ्यांना मी फोन केले. काय झालंय ते सांगितलं, पिल्लं असतील तर कोणती लक्षणं पाहायची ते सांगितलं. मरगळ, उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं बंद. काहींनी आभार मानले. पुष्कळांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी आले नाहीत. एकाने मला शिव्या दिल्या, त्याच्याकडे नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर होता, दरवर्षी लस घेतलेला, त्याला काही होणार नव्हतं.

तीन आठवडे बंद. त्या तीन आठवड्यांत तिने भागीदारी सोडली. महिन्याभरात दोन गल्ल्या सोडून तिचं दुकान. काचेचं दार, आत संगीत. आणि नवीन गिऱ्हाइकांना सांगायची, ‘तिकडे रोग आहे, म्हणून मी बाहेर पडले.’ मला हे तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. तिघांचे शब्द सारखे होते.

रोग ज्या हाताने आत आला तो हात कुणाचा, हे मी कुणालाच सांगितलं नाही. हां, आज लिहितेय. आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते की त्या दिवशी मी दुकानात नव्हते असं मी सगळ्यांना सांगत आले. दुपारनंतर होते. पिल्लू टबात होतं तेव्हा मी पाहिलं. वय विचारलं नाही.

उघडलं त्या दिवशी सकाळी नऊला दारात बंडूचे आजोबा उभे. बंडू म्हणजे पांढरा स्पिट्झ, आमचा अगदी पहिल्या महिन्यातला. दुकानात चिटपाखरू नव्हतं. आजोबांनी आत डोकावलं आणि म्हणाले, “रांग असेल म्हणून लवकर आलो.” मी तोंड फिरवून ड्रायर शोधत बसले. तो समोरच होता.

बसायला बाकडं उरलं नव्हतं. बंडूचं काम होईपर्यंत, तास-दीड तास, ते उभे राहिले. स्पिट्झचं काम लवकर उरकत नाही. बाहेरचे राठ केस आणि आतला मऊ थर. ड्रायरच्या झोताने आतला थर सुटतो, खोलीभर पांढरं उडतं, मग रेकने, म्हणजे लांब दात्यांच्या फणीने, हळूहळू ओढून काढायचं. आजोबांच्या काळ्या पँटवर एवढे केस बसले की उरलेला कुत्रा केवढा असा प्रश्न पडावा. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. बंडूला आठवड्याला आंघोळीची काही गरज नव्हती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग नखं बघा.” तिसऱ्या वेळी दोन शेजाऱ्यांना घेऊन आले, कुत्र्यांसकट.

तिचं दुकान मात्र जोरात. तिने ‘उन्हाळी कट’ काढला. जर्मन शेफर्ड, हस्की, गोल्डन, जो येईल तो भादरायचा. लोकांना वाटतं कुत्र्याला गार वाटेल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळं धापेवर. दुहेरी केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. आतला सुटा थर काढला की हवा खेळते, तेवढं पुरतं. भादरलेले केस काही कुत्र्यांना नीट परत येतच नाहीत, ठिगळं पडतात. मी हे माझ्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर म्हणाले, ‘त्या करतात की.’ मी नाही म्हणत राहिले आणि गिऱ्हाईक जात राहिलं. एका उन्हाळ्यात मी मुलाच्या शाळेची फी उसनी घेऊन भरली.

मग ठिगळं पडलेले कुत्रे येऊ लागले. ‘तुमच्याकडे काही तेल आहे का?’ मी तेल दिलं नाही. वाट पाहा म्हटलं आणि आधी डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घ्या म्हटलं, कारण केस न येण्यामागे तेही असू शकतं. मला बरं वाटलं का? वाटलं. लपवत नाही.

तिचं दुकान पुढे बंद झालं. घरच्या कारणाने, असं ऐकलं. माझ्यामुळे नाही.

त्यानंतरची वर्षं नीट गेली. मुक्कामाची जागा वाढली, पोरं कामाला लागली. नियम आता दारावर मोठ्या अक्षरात आहे: शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे झाल्याशिवाय पिल्लू आत नाही. 2020 नंतर घराबाहेरचं माणूसच न पाहिलेली पिल्लं खूप आली, ड्रायरच्या आवाजाला भिंतीवर चढणारी. त्यांच्यासाठी पहिल्या दोन खेपा नुसत्या टेबलावर बसायच्या ठेवल्या, यंत्र बंद. तुम्हीही घरी एक करा. पिल्लाचे पंजे रोज हातात धरा, नखं कापायची नसली तरी. मोठेपणी काळ्या नखातली रक्ताची शीर दिसत नाही, टोकाटोकानेच कापावं लागतं, आणि तेव्हा पाय ओढणारा कुत्रा म्हणजे रक्त आलंच.

बंडू चौदा वर्षांचा होऊन गेला. आजोबांनी दुसरा कुत्रा आणला नाही. महिन्यातून एकदा येतात, नव्या बाकड्यावर बसतात. कुणाचा तरी कुत्रा त्यांच्या पायाशी जाऊन बसतोच.

गेल्या महिन्यात एक मुलगी कामाला लागली. हात चांगला आहे, पण कात्री धरली की केस दुमडत होते. दोन दिवस मी तिला ओरडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती डावखुरी आहे. खालच्या कप्प्यात कापडात गुंडाळलेली कात्री होती. सोडून जाताना ती राहिली होती, न्यायला कधी कुणी आलं नाही. दरवर्षी बाकीच्यांबरोबर तिलाही मी धार लावून आणते, तेल देते.

मुलीने दोनदा हवेत चालवून पाहिली. “ताई, ही कुणाची?”

“दुकानाची,” मी म्हटलं, आणि पुढचा कुत्रा टेबलावर घेतला.