तुम्ही विचारलंत म्हणून: आभार मानता तरी कसले?

मजल्यावरच्या काकू विचारतात, नवऱ्याचे जुन्या कंपनीतले मित्र विचारतात, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, नव्या सुनासुद्धा उपासना संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारतात. "सासूबाई अंथरुणावर, यांची नोकरी गेलेली, मुलगा बारावीला. आणि रात्री नऊ वाजले की तुमच्याकडून गाण्याचा आवाज. तुम्ही आभार मानता तरी कसले?"

आधी आमचं घर सांगते. आम्ही मूळचे नगरकडचे, आता पिंपरीत. जेवणं उरकली की कौटुंबिक प्रार्थना, ही सासरची जुनी रीत. एक गीत, एक स्तोत्र, मग प्रत्येकाची दोन-दोन वाक्यं. मुलगा जांभया देतो. एकदा त्याने "आज गणिताचे सर आले नाहीत, थँक यू प्रभू" अशी प्रार्थना केली होती. मी डोळे वटारले, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले, उपयोग काय!

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभही जड झाली. पंचवीस-तीस माणसांच्या भाकरी एकटीने थापणारा हात तो. भेटायला येणारी माणसं मनाने चांगली, पण पलंगाशी उभं राहून एकेक जण म्हणायचा, "आई, जीव वाचला, प्रभूचे आभार माना." एके दिवशी त्यांनी सरळ भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून घरात एक नियम झाला. आभार ज्याचे त्याने मानायचे. दुसऱ्याला "आभार मान" असं कुणी म्हणायचं नाही, चर्चच्या पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

बायबलमध्ये सासू-सुनेची एक गोष्ट आहे, तिचा मला या बाबतीत फार आधार वाटतो. नामी मवाब देशातून बेथलेहेमला परतते ती नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून. गावातल्या बायका ओळखून जवळ येतात, तर ती म्हणते, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा, देवानेच माझं जिणं कडू केलंय. शेजारी तिची सून रूथ उभी आहे. ती सासूला गप्प करत नाही, "असं बोलू नये" म्हणत नाही. तेव्हा सातूची कापणी सुरू झालेली असते. रूथ शेतात जाते, कापणाऱ्यांच्या मागे राहिलेली कणसं वेचते, संध्याकाळी झोडपून घरी धान्य आणते, आणि जेवून उरलेलं सासूच्या पुढ्यात ठेवते. त्यानंतर कुठे नामीच्या तोंडून देवाबद्दल पहिला बरा शब्द निघतो. आधी पोटाला मिळालं, मग स्तुती आली. हा क्रम मला फार पटतो. सासूबाईंना कूस बदलून देणं, पाठीला पावडर लावणं, भात मऊ कालवून भरवणं, एवढं माझं काम. त्यांची स्तुती त्यांच्याकडे.

स्तोत्रं आम्ही ओळीने वाचतो, निवडून नाही. त्यामुळे 88वं आलंच. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत रडगाणी खूप, पण बहुतेकांना शेवटी आशेचं वळण मिळतं. याला मिळत नाही. सगे-सोबती दुरावले आणि उरला तो अंधार, असं म्हणून ते संपतं. नवऱ्याने वाचून पुस्तक मिटलं. कुणाला काय बोलावं सुचेना. सासूबाई अडखळत म्हणाल्या, "हे... माझं." इतक्या महिन्यांत प्रार्थनेच्या वेळी त्यांनी काढलेला तो पहिला शब्द. आता सांगा, ही तक्रार की प्रार्थना? मी तरी प्रार्थनाच समजते, कारण ती देवाच्याच कानांवर घातलेली आहे.

म्हणूनच मोबाइलवर "आजच्या पाच चांगल्या गोष्टी लिहा" असं येतं ते मला जमत नाही. कुणाला बरं वाटत असेल तर वाटो. पण त्या यादीला ऐकणारं कुणी नसतं, आणि ऐकणारं कुणी नसेल तर मी भांडू कुणाशी?

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे बायबलमधलं, प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन आमच्या लोकांच्या भिंतींवर असतं, कॅलेंडरवर असतं. ते ज्यांना लिहिलं त्यांची स्थिती मात्र कॅलेंडरवर नसते. थेस्सलनीका या ग्रीक शहरात, पौलाला आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर जमावाने चाल केली, पौल आणि त्याचा सोबती सीला यांना रातोरात गावाबाहेर काढावं लागलं. मागे राहिलेल्या मंडळीला इसवी सन 50च्या सुमारास हे पत्र गेलं. घाबरलेल्या, छळ सोसणाऱ्या माणसांना लिहिलेलं वाक्य आहे ते. त्याच पत्रात थोडं आधी, जे खचलेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, असंही आहे. तेवढं कुणी फ्रेम करून लावत नाही.

आमच्या भाऊजींचं सांगायचं राहिलं. ते लांब असतात. रविवारी फोन करतात आणि आईची काळजी कशी घ्यावी हे मला समजावून सांगतात. माझ्या पोटात आग पडते. पण औषधांचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, एकदाही चुकलेले नाहीत. तेव्हा आमच्यात असं ठरलंय की आधी पैसे पोचल्याचं सांगून मनापासून "थँक यू भाऊजी" म्हणायचं, आणि मग "दिवाळीत पंधरा दिवस आईंजवळ येऊन राहा" हे त्याच आवाजात म्हणायचं. पहिलं म्हटलं म्हणून दुसरं गिळायचं नाही. गेल्या दिवाळीत ते चार दिवस आले. चार दिवसांचे आभार मानले. उरलेल्या अकरांची आठवण मी करून देतेच.

हंगामाच्या सणाला मंडळीत लोक भोपळे, नारळ, धान्य, कोंबडी असं काय काय आणून वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. शेती नसलेले आम्ही घरच्या कुंडीतल्या मिरच्या नेल्या. घरात पगार नाही, आणि आमच्या साहेबांनी एका दुधीवर बोली लावत लावत तो दोनशेला घेतला! मी घरी येईपर्यंत बोलले नाही. सासूबाईंना दुधी दाखवून तक्रार केली, तर त्या अर्ध्या तोंडाने इतक्या हसल्या की मलाही हसू फुटलं. तीन दिवस दुधीच खाल्ला.

लोक पुढचा प्रश्न विचारतातच, "मग लागली का नोकरी?" लागली, चाकणला. पगार आधीपेक्षा बराच कमी. नोकरीबद्दल आम्ही आभार मानलेत. पगाराबद्दल आमचं त्याच्याशी रात्री नऊला अजून बोलणं चालू आहे.