रजिस्टरातली एकमेव नोंद

आमच्या पोलीस खात्यात आरोग्य उपक्रम सुरू झाला तेव्हा प्रत्येकाला व्यायामाची चटई मिळाली. माझी अजून गुंडाळलेलीच आहे. नाईट संपवून आलेल्या माणसाला ती फक्त झोपायला दिसते.

समुपदेशकही नेमले. पण खोली साहेबांच्या केबिनसमोर, आणि दाराशी रजिस्टर: नाव, बक्कल नंबर, येण्याचं कारण. तीन महिन्यांत त्यात एकच नोंद झाली, पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनची. बाकी कोण जाणार? 'डोक्यावर परिणाम' असा शेरा एकदा लागला की हातातलं हत्यार काढून घेतील, ही धास्ती प्रत्येकाला.

मलाही होती. एका लहान मुलाच्या अपघाताचा पंचनामा केला होता मी. त्यानंतर घरी दारात लेकाचे बूट दिसले की पोटात गोळा यायचा. बोललो कुणाशीच नाही. आमच्या जमादारांनी मात्र हेरलं. एका रात्री गस्तीच्या गाडीत म्हणाले, "मी सहा महिने दिवा लावून झोपायचो, माहितीय का तुला?" सहकाऱ्यांना आधार देण्याचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलंय, हे मला बरंच नंतर कळलं. त्यांनीच मला बाहेरच्या समुपदेशक बाईंकडे धाडलं. तिथे रजिस्टर नव्हतं.

बाईंनी पहिल्या दिवशी अपघाताचा विषयच काढला नाही. घटनेनंतर माणसाला एकदाच बसवून सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, कधी वाढतोही, म्हणाल्या. विचारलं काय, तर झोप किती! मला हसू आलं. मग त्यांनी सांगितलं, सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो. 1997 मध्येच प्रयोगात हे दिसलंय. माझं हसू गेलं. मी रात्रभर लोकांच्या तोंडाला मशीन धरून दारू तपासणारा, आणि वीस-वीस तासांच्या बंदोबस्तानंतर मोटरसायकलवर घरी जाणारा.

आता बुटांकडे बघवतं. झोपेचं मात्र बाईंच्या हातात नाही, ते ड्युटीच्या तक्त्यात आहे. दरवर्षी आमचा रक्तदाब मोजतात, वाढला की गोळी देतात, आणि त्याच रात्री पुन्हा नाईट लावतात. म्हणून लेखी अर्ज दिलाय: दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तास मोकळे मिळावेत. खाली चौदा जणांच्या सह्या आहेत. पहिली जमादारांची.