गॉर्ड्स गोल्डची पन्नास वर्षं आणि तेच जुनं भांडण

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

कॅनेडियन गायक गॉर्डन लाइटफूटच्या ‘गॉर्ड्स गोल्ड’ या अल्बमला या महिन्यात पन्नास वर्षं झाली. नोव्हेंबर १९७५, रिप्राइझ कंपनी, दोन एलपींचा संच. दुसऱ्या तबकडीवर १९७० पासूनची गाणी आहेत, ‘सनडाउन’, ‘इफ यू कुड रीड माय माइंड’ वगैरे, आणि ती मूळ ध्वनिमुद्रणातूनच घेतलेली आहेत. पहिल्या तबकडीवर साठच्या दशकातली गाणी आहेत, पण ती सगळी नव्याने गायलेली. त्याचे श्रोते भांडतात ते या पहिल्या तबकडीवरून.

नव्याने का गायली, हे समजायला एक गोष्ट आधी वेगळी करावी लागते. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक हक्क, आणि ते गाणं ज्या टेपवर उतरलं त्या टेपचा हक्क दुसरा. १९७० पूर्वीच्या टेपा युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीच्या ताब्यात होत्या आणि लाइटफूट तोवर रिप्राइझकडे आला होता. नवीन कंपनीला जुनी गाणी हवी असतील तर दोन वाटा: जुन्या कंपनीकडून टेप मिळवा, नाहीतर गायकाला पुन्हा माइकसमोर उभं करा. टेलर स्विफ्टने २०२१ पासून तिचे अल्बम पुन्हा गायले तेव्हा हा फरक घरोघरी कळला. लाइटफूटने मात्र अल्बमवरच्या टिपणात व्यवहाराचं कारण दिलं नाही. स्वतःचं सुरुवातीचं काम आपल्याला ऐकायला आवडत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरं मानायला हरकत नाही, कारण त्याच्या गळ्यात पडलेला फरक पहिल्या मिनिटालाच कळतो.

‘अर्ली मॉर्निंग रेन’ घ्या. पहिलं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये, डिसेंबर १९६४. लाइटफूट सव्वीस वर्षांचा. सोबत गिटार आणि बिल ली यांचा बास (दिग्दर्शक स्पाइक लीचे वडील), बाकी काही नाही. आवाज पुढे झुकलेला, ओळ संपायच्या आत पुढची पकडणारा. विमानतळाच्या कुंपणापाशी खिशात पैसे नसलेला माणूस उभा आहे, आणि त्या माणसाला ही घाई शोभते. १९७५ मध्ये लाइटफूट छत्तीस वर्षांचा आहे. आवाज खाली उतरून भरला आहे, शब्दाच्या शेवटी श्वास उरतो आणि मागे पूर्ण बँड आहे. गायन दुसरं सरस आहे. पण तो माणूस आता कुंपणापाशी उभा वाटत नाही, तिथे उभं असल्याची आठवण सांगताना वाटतो. ज्यांनी आधी १९६६ चा ‘लाइटफूट!’ हा मूळ अल्बम ऐकला त्यांना हे खटकतं, ज्यांच्या घरी आधी ‘गोल्ड’ आला त्यांना मूळ गाणं कच्चं वाटतं. माझं मत या एका गाण्यापुरतं पहिल्यांच्या बाजूने आहे.

‘साँग फॉर अ विंटर्स नाइट’च्या बाबतीत उलट. हिवाळ्याचं हे गाणं त्याने क्लीव्हलंडमध्ये उन्हाळ्यातल्या एका वादळी रात्री लिहिलं. दिव्याची वात, बाहेर बर्फ, एकटा माणूस. इथे भरलेला, थांबून बोलणारा आवाजच हवा, आणि मागचा व्हायोलिनांचा हलका थर खोलीतली ऊब वाढवतो. हे नवं रूपच पक्कं.

‘कॅनेडियन रेलरोड ट्रिलजी’ मधेच अडकते. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने देशाच्या शताब्दीसाठी मागवलेलं आणि १ जानेवारी १९६७ च्या कार्यक्रमात गायलेलं हे गाणं तीन भागांचं आहे: द्रुत, विलंबित, पुन्हा द्रुत. मधल्या संथ भागात वाद्यवृंद खुलतो. पण जिथे मजूर हातोडे चालवतात तिथे गिटारचा खडखडाट हाच हातोडा असतो, आणि त्याच्यावर व्हायोलिनं पसरली की घाव बोथट होतो.

दोन गाणी जोडून केलेल्या मेडलींबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. ‘आय अ‍ॅम नॉट सेइंग’ आणि ‘रिबन ऑफ डार्कनेस’ एकात, ‘फॉर लव्हिंग मी’ आणि ‘डिड शी मेन्शन माय नेम’ एकात. तबकडीवर जागा वाचली, पण चारही गाणी तोडून बसवली. दुसऱ्या जोडीत तर एक गाणं निघून जाणाऱ्याच्या तोऱ्याचं आहे आणि दुसरं मागे राहिलेल्या ओढीचं. मधे श्वास घ्यायलाही उसंत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन रूपं शेजारी ठेवून ऐकताना बहुतेक जण ज्या चुका करतात, त्या लिहून ठेवतो.

पहिली चूक आवाजाच्या पातळीची. एक-दोन डेसिबलने मोठं वाजणारं रूप कानाला ‘चांगलं’ वाटतं, मग ते कुठलंही असो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पातळी सारखी करण्याची सोय असते, ती चालू करावी. तरीही खात्री नसेल तर वाद्यं सोडून फक्त गळा सारखा ऐकू येईल इतका आवाज कमी-जास्त करावा.

दुसरी, पट्टी न तपासणं. तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू करून गाण्याचा षड्ज जुळवावा आणि पट्टी लिहून ठेवावी. नंतरच्या रूपात पट्टी उतरली असेल तर गायकाने सोय पाहिली आहे. फरक अर्ध्या स्वराहूनही कमी असेल तर दोष गळ्याचा नसून टेपच्या वेगाचा असू शकतो. लय मोजायला तीस सेकंदांतले ठोके मोजून दुप्पट करावेत. ‘हे मरगळलेलं वाटतं’ म्हणणाऱ्यांना पुष्कळदा दिसतं की लय तीच आहे, फक्त प्रतिध्वनी वाढल्याने शब्दांच्या कडा पुसल्या आहेत.

तिसरी आणि सगळ्यांत जास्त होणारी: भलतंच रूप ऐकून मत देणं. यादीत गाण्याचं नाव सारखंच दिसतं. अल्बमचं नाव आणि ‘पी’ चिन्हापुढचं (ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं) साल पाहावं, गाण्याची लांबी पाहावी. ‘गोल्ड’ पहिल्यांदा एका सीडीवर आला तेव्हा ‘अफेअर ऑन एट्थ अव्हेन्यू’ गाळलं गेलं, कारण तेव्हाच्या सीडीत साधारण ७४ मिनिटंच मावायची. ते गाणं या संचात कधी नव्हतंच, असं काही जण शपथेवर सांगतात. त्यांनी एलपी पाहिलेली नसते.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजच्याच तारखेला, १९७५ मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात एडमंड फिट्झजेरल्ड हे मालवाहू जहाज २९ माणसांसह बुडालं. लाइटफूटने त्यावरचं गाणं डिसेंबरमध्ये टोरांटोच्या ईस्टर्न साउंड स्टुडिओत गायलं, आणि ठेवला तो पहिलाच टेक, म्हणजे पहिल्या प्रयत्नातलं ध्वनिमुद्रण. साडेसहा मिनिटं, ध्रुवपद नाही, एकच चाल कडव्यामागून कडवी फिरत राहते, पोवाड्यासारखी वर्दी देत. सहा मात्रांचा झोका. मुख्य कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांत) सा, रे आणि प एवढेच. गंधार नसल्याने तो ना हसरा, ना रडवा. पुढे कोमल निषादावर उभा राहणारा कॉर्ड येतो आणि पाणी खाली ओढतं.

१९८८ च्या ‘गॉर्ड्स गोल्ड’ खंड दोनमध्ये हे गाणं पुन्हा गायलेलं आहे, आणि इथे श्रोत्यांचं जवळपास एकमत आहे: हे नको होतं. मलाही तसंच वाटतं. १९७५ मध्ये नव्याने गाताना गळा चढतीवर होता, मूळ रूपं दहा वर्षं जुनी होती आणि गायकाकडे त्या गाण्यांबद्दल नवीन काही होतं. १९८८ मध्ये आवाज बारीक झाला होता, ध्वनी ऐंशीच्या दशकातला गुळगुळीत होता, आणि मूळ टेकमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्या टेकमध्ये वादकांनाही शेवट माहीत नसल्यासारखी एक सावध चाल आहे. बारा-तेरा वर्षं रंगमंचावर वाजवून झालेलं गाणं तसं वाजूच शकत नाही. मूळ रूप हवं असेल तर १९७६ चा ‘समरटाइम ड्रीम’ घ्यावा, किंवा २००२ चा ‘कम्प्लीट ग्रेटेस्ट हिट्स’. खंड दोन घेऊन ‘हे ते नाही’ म्हणत बसलेले लोक अजूनही भेटतात.

गाणं बदलायला हवं होतं ते वेगळ्या ठिकाणी. एका ओळीत जहाजाच्या मालकोठीवरचं झाकण खचल्याचं येतं, आणि त्यात खलाशांच्या हलगर्जीपणाची सावली पडते. नव्या तपासात तसं नसल्याचं पुढे आल्यावर लाइटफूटने २०१० पासून मैफलीत ती ओळ बदलली आणि तिथे फक्त अंधार पडल्याचं गायलं. डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चला गाण्यात ‘कुबट’ म्हटलं होतं. तिथल्या एका भाविकाने तसं नसल्याचं सांगितल्यावर मैफलीत तोही शब्द त्याने बदलला. मे २०२३ मध्ये तो गेला तेव्हा त्याच चर्चने घंटा तीस वेळा वाजवली, २९ खलाशांसाठी आणि एक त्याच्यासाठी.

झाकणाची ती बदललेली ओळ स्टुडिओतल्या दोन्ही रूपांत नाही. ती ऐकायची तर २०१० नंतरच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण शोधावं लागतं. तिथे आवाज खूप थकलेला आहे. आज तेच लावलं आहे.