लंडनला जाताय? दिवसाचा नाही, तासाचा प्लॅन करा

लंडनहून परत आल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेज रोडला कोणी भेटलं तर तिथे, सगळीकडे एकच प्रश्न येतोय, तिकडे म्हणे सारखा पाऊस असतो, मग फिरायला मिळालं का काही? मिळालं, भरपूर मिळालं, आणि सोबत आई आणि गुडघे दुखणारी मावशी असूनसुद्धा मिळालं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

आधी तो पाऊस कसा असतो ते समजून घ्या, कारण सगळे प्लॅन तिथेच फिसकटतात. लंडनला वर्षाला साधारण 600 मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी, इगतपुरी-त्र्यंबकचं तर नावच काढायला नको. आपण पाऊस मोजतो तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं त्यावर, आणि तिथला पाऊस म्हणजे मारुतीचे पायसुद्धा भिजणार नाहीत असा, पण बाराही महिने, थोडा थोडा. अटलांटिकवरून पश्चिमेचं वारं ढगांचे पट्टे एकामागून एक आणत राहतं, त्यामुळे सकाळी लख्ख ऊन, अकराला भुरभुर, साडेअकराला परत ऊन, दुपारी एक जोरदार सर आणि संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ की जणू काही झालंच नाही. आपल्याकडे जुलैत सकाळी पाऊस लागला की आपण म्हणतो आजचा दिवस गेला. तिथे दिवस जात नाही, फार तर अर्धा तास जातो! आणि जूनमध्ये रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे गेलेला अर्धा तास परतही मिळतो.

म्हणून आम्ही एकच गोष्ट ठरवली होती, प्रत्येक उघड्या जागेच्या जोडीला चालत पाच-दहा मिनिटांवर एक छप्पर असलेली जागा आधीच शोधून ठेवायची. फोनवर पावसाचं रडार बघायचं, दहा दिवसांचा अंदाज अजिबात बघायचा नाही, पुढचे दोन तास बघायचे. आणि आधी पैसे भरून वेळ ठरवलेली तिकिटं शक्य तेवढी कमी काढायची, कारण अकराचं तिकीट असलं की अकरालाच ऊन पडतं आणि तुम्ही आत अडकता.

याचा सगळ्यात भारी अनुभव आला ग्रिनिचला. तिथे टेकडीवर रॉयल ऑब्झर्व्हेटरी ही जुनी वेधशाळा आहे, 1884 मध्ये जगाने शून्य रेखांश म्हणून मान्य केलेली रेघ तिथलीच. छपरावर एक लाल गोळा आहे, 1833 पासून रोज दुपारी एकला तो खाली पडतो, नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून केलेली सोय. बारा पंचावन्नला अर्धा वर चढतो, मग अठ्ठावन्नला पूर्ण वर, आणि एकच्या ठोक्याला खाली. वारा फार असला तर चढवतच नाहीत, त्यामुळे आम्ही तिघी माना वर करून आज चढतो की नाही म्हणून बघत उभ्या. चढला! आणि पडला तेव्हा आईने आपोआप मनगटावरचं घड्याळ पाहिलं, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे खलाशी करत असतील अगदी तसंच.

टेकडीवरून समोर पांढरं क्वीन्स हाऊस, मागे जुन्या नेव्हल कॉलेजचे दोन घुमट, मग थेम्सचं वळण आणि पलीकडे कॅनरी व्हार्फचे काचेचे टॉवर. इथे उभं राहिलं की पाऊस येताना दिसतो, हे मला फार आवडलं. डाव्या हाताला लांब शहरातल्या उंच इमारती एकेक करून पुसट व्हायला लागल्या, म्हणजे आता साधारण पंधरा मिनिटं हातात आहेत हे आपल्याला कळतं. मावशीला धरून सावकाश उतरलो तरी कटी सार्कपर्यंत पोचायच्या आत नुसते चार थेंब लागले. कटी सार्क म्हणजे 1869 चं चहा वाहणारं शिडाचं जहाज, आता जमिनीवरून उचलून काचेच्या छतात बसवलंय, तिकीट काढलं तर त्याच्या पोटाखालून चालता येतं. आम्ही ते नंतरसाठी ठेवलं आणि शेजारच्या विटांच्या गोल, काचेच्या घुमटवाल्या बांधकामात शिरलो, ते आहे नदीखालून पलीकडे जाणाऱ्या पायी बोगद्याचं तोंड. पाऊस असो नसो, हा बोगदा कृपया चुकवू नका, एक रुपया लागत नाही.

1902 मध्ये तो उघडला, दक्षिणेकडच्या कामगारांना पलीकडच्या गोदीत कामाला जाता यावं म्हणून. 370 मीटर लांब, आतून पांढऱ्या फरशा, मध्याकडे जरासा उतार आणि मग चढ, कोणी बोललं की आवाज लांबपर्यंत जातो. मावशी मध्येच थांबून म्हणाली, "अगं, आपल्या डोक्यावर अख्खी नदी आहे ना गं आत्ता? आणि आपण पावसाला घाबरून इथे आलोय!" उत्तरेच्या टोकाला बोगदा एकदम अरुंद होतो, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडला तेव्हा आतून लोखंडी अस्तर लावून दुरुस्ती केली, ती आजही तशीच दिसते, हात लावला की गार लागतं. पलीकडे वर आलो तर ऊन, आणि मघाशी ज्या टेकडीवर उभ्या होतो ती ओलीचिंब चमकत होती.

बसचं म्हणाल तर टुरिस्टांची उघडी बस सोडा, साधी लाल डबलडेकर घ्या, वरच्या मजल्यावर पुढची सीट. 15 नंबरची बस टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट करत ट्रॅफलगर स्क्वेअरकडे नेते, काचेवरून पाणी ओघळत असतं आणि शहर समोरून सरकत असतं. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टॅप करायचं, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा पैसे कटत नाहीत, म्हणजे पाऊस आला की बसमध्ये चढा, थांबला की उतरा.

म्युझियमबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पाऊस आला की सगळं लंडन ब्रिटिश म्युझियमकडे धावतं, आणि तेव्हाच बाहेर सगळ्यात लांब रांग लागते, त्यात उभं राहून भिजण्यात काय अर्थ आहे? शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तर दहापर्यंत, दोन्हीकडे कायमचा संग्रह फुकट, तेव्हा जा, दिवसाचा उजेड बाहेरच्यासाठी ठेवा. ब्रिटिश म्युझियमच्या मधल्या चौकावर 3,312 काचांचं छत आहे, त्यातल्या कुठल्याही दोन काचा सारख्या नाहीत, त्याखाली बसून डब्यातला चिवडा खात वरचे ढग बघणं हासुद्धा एक कार्यक्रम होऊ शकतो.

कपड्यांचं थोडक्यात, टोपीवालं रेनजॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट. छत्री नदीकाठच्या वाऱ्यात उलटी होते.

आणि एक जागा अशी जी मी हवामान न बघता ठेवली होती. किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना 1921-22 मध्ये तिथे राहिले, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये ज्या गावात झाला त्या गावातून आपण आलोय, रोज त्या दारावरून जातो, आणि इथे एका शांत गल्लीतल्या साध्या घरापुढे उभे आहोत, आईला बराच वेळ काही बोलताच येईना. पाऊस होता, आम्ही तशाच उभ्या राहिलो. जाणार असाल तर उघडं असण्याच्या वेळा आधी बघून घ्या, चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि प्रिमरोझ हिल त्याच दिवशी ठेवा, ती टेकडी तिथून अगदी जवळ आहे, ऊन असेल तर आधी टेकडी, पाऊस असेल तर आधी घर.