तुम्ही विचारलंत म्हणून: नळीच्या टोकापर्यंत लाकूड कशाला?

गणपतीला घरी आलेली मंडळी बेसमेंटमध्ये डोकावतात, नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या बाकावरचे लोक माझी रायफल हातात घेऊन फिरवून बघतात, आणि प्रश्न एकच, अगं हे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत कशाला नेलंस? अर्ध्यावर थांबवलं असतंस तर वजन वाचलं असतं, काम वाचलं असतं, वर नेमाचा भरवसाही जास्त. ज्यांना थोडं कळतं ते पुढचं विचारतात, नळी आणि लाकूड यांच्यातली डावीकडची फट जास्त का? दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आता एकदाच नीट लिहिते. (शिकारच कशाला, हा प्रश्न पुण्याहून येतो. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तो का येतो ते मला कळतं. इथे पेनसिल्व्हेनियात लायसन्स काढून थँक्सगिव्हिंगनंतर हरणासाठी रानात जाणं ही गावातली नेहमीची गोष्ट आहे. तो विषय आज नको.)

दुकानातल्या रायफलीचा दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला लागतो तो लाकडी भाग, चापापासून खांद्यापर्यंत साडेतेरा इंच किंवा त्याहून जास्तच असतो. मला पावणेतेरा लागतो, जाड जॅकेट घातलं की त्याहून कमी. त्यामुळे स्वतःच्या मापाचा दस्ता करणं आलंच. हे कारण सगळ्यांना लगेच पटतं म्हणून मी हेच सांगत आले, पण आखूड दस्ता अर्ध्या लाकडाचाही होतोच की.

खरं सांगायचं तर मी एकदा ऑस्ट्रियातल्या श्टायरची जुनी मॅनलिखर-शोनाउअर कार्बाइन हातात घेतली होती, १९०३ चं मॉडेल, काडतूस ६.५ बाय ५४, नळी जेमतेम १८ इंच, लाकूड पार टोकापर्यंत आणि टोकाला स्टीलची टोपी. खांद्याला लावली आणि ती जागेवर बसली, पुढचं टोक इकडेतिकडे झालंच नाही. दाट झाडीत आखूड नळी सोयीची पडते, थंडीत हात उघड्या लोखंडाला लागत नाही, ही कारणं मी नंतर जमवली. ती खोटी नाहीत. पण आधी ती आवडली, हेच खरं.

म्हणून मग माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीची ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून उडवणारा मधला लोखंडी भाग. कायद्याने तीच बंदूक, नंबर तिच्यावरच, त्यामुळे लायसन्सवाल्या डीलरकडून चौकशी होऊन आली. नळी २० इंची, ७ बाय ५७ काडतुसाची, ती गनस्मिथकडून बसवून आणि गेज लावून तपासून घेतली. लाकडाचं सगळं काम माझं. काळा अक्रोड, इथलाच, वर्षानुवर्षं हवेवर सुकलेला, चाळीस इंचाच्या वरची फळी, मुठीच्या जागी रेषा सरळ जाणाऱ्या. घरी आणून दर आठवड्याला वजन केलं, वजन उतरायचं थांबलं तेव्हाच पटाशी लावली.

नळीची खोबण म्हणजे काय काम असतं ते सांगते. नळीला काजळी लावायची, लाकडात दाबायची, उचलायची, जिथे काळा डाग उमटला तिथलं कागदाएवढं लाकूड खरवडायचं, परत काजळी. असं नळी अर्धी आत जाईपर्यंत. तेव्हा माझ्या वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, नळी आणि लाकूड यांच्यात कागदसुद्धा जाता कामा नये.

फेब्रुवारीत, घर गरम ठेवणारी आणि हवा कोरडी करणारी फर्नेस चालू असताना, शेवटचा भाग खरवडून मी दस्ता रात्रभर बाकावर ठेवला. सकाळी नळी घातली तर ती टोकाला डावीकडे लाकडावर चढलेली. डॉलरची नोट आत सरकवली, उजवीकडून आरपार गेली, डावीकडे टोकाच्या चार इंच अलीकडे अडकली. वाटलं मीच तिरकी बसवली. काढून परत घातली, तेच. मग स्टीलची पट्टी लावून दिव्यासमोर धरली आणि पट्टीखालून उजेड दिसला. लाकडाने बाक धरला होता. झाड वाढताना आत जो ताण साठतो तो फळी अखंड असेपर्यंत दोन्ही बाजूंनी तोललेला असतो, वरून खोबण काढली की तोल जातो. अर्ध्या दस्त्याचा पुढचा भाग जाड आणि आखूड, तिथे हे कळतही नाही. पूर्ण दस्त्यात पुढे दोन बाजूंना पातळ भिंती उरतात आणि त्या लांबवर जातात, सगळा बाक टोकाला उघडा पडतो. लाकूड चांगलं होतं, सुकवलेलंही होतं. मला कुणावर तरी रागवायचं होतं आणि रागवायला कुणीच नव्हतं, हे फार लागलं.

गनस्मिथने बघितलं आणि शांतपणे म्हणाला, ॲक्शनपासून दहा इंचांपर्यंत सरळ आहे, तिथे काप, टोकाला काळ्या लाकडाची टोपी लाव, सुंदर हाफ स्टॉक, म्हणजे अर्धा दस्ता, होईल. त्याचं बरोबर होतं. मी पेन्सिलने रेघ मारली, करवत काढली, दस्ता शिकंज्यात धरला. आणि नाही कापलं. का, ते मला आजही धडपणे सांगता येत नाही. हट्ट होता म्हणा, पण नुसता हट्ट नव्हता, ते टोक कापलं असतं तर मुळात ज्यासाठी सुरुवात केली तेच कापलं असतं.

तसाच ठेवून दिला. जुलैच्या दमट हवेत बाक थोडा कमी झाला, नोव्हेंबरात फर्नेस सुरू झाली तसा परत आला. मग कुठल्या महिन्याच्या मापाने खरवडायचं? तेव्हा ठरवलं, नळीला पुढे लाकडावर टेकूच द्यायचं नाही. ॲक्शनखाली आणि नळीच्या पहिल्या दीड इंचाला इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे लोखंड घट्ट बसवणारा थर, पुढे खोबण मोकळी, डावीकडे जास्त, म्हणजे लाकूड कितीही हललं तरी नळीला शिवणार नाही. टोकाची टोपी स्क्रूने लाकडातच पकडली, तिचं भोक नळीहून मोठं. जवसाच्या तेलाचे हात दिले, खोबणीच्या आतसुद्धा, कारण ओल तिथूनच शिरते. ऑगस्टमध्ये १०० यार्डांवर लावलेला झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळणी, डिसेंबरात तिथेच सापडला. तुम्हाला दिसते ती फट हीच, ती घाईतली किंवा हलगर्जीपणाची नाही.

पण वहीतलं ते वाक्य मी खोडलेलं नाही. ते लिहिणारी मी आज समोर आली तर विचारेल, लाकूड नळीला कुठे लागतच नाही, तर ते तिथे काय करतंय? नुसतं पांघरूण? मी म्हणेन गोळी जागेवर लागते. ती म्हणेल, तेवढंच हवं होतं तर फायबरचा तयार दस्ता काय वाईट होता, माप तर तोही कापून देतात. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरी ती रायफल उचलली की मला वाटतं मीच बरोबर. दुसरी फळी आणून ठेवलीय, या वेळी घट्ट बसवू की आधीच मोकळी सोडू यावर आमचं दोघींचं अजून चालूच आहे.